वसुलीची नोकरी सोडून ट्रकवर जाऊ का?

या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात सोलापूरचे एक ट्रकचालक. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात चौदा वर्षं हिशेब लिहिल्यावर २०११ साली ते ट्रकवर गेले.

प्रश्न : दादा, मी ३४ वर्षांचा आहे. कुंभारीच्या विडी घरकुलात राहतो. बी.कॉम. केलं आणि नऊ वर्षांपासून एका फायनान्स कंपनीत गाड्यांच्या कर्जाची वसुली करतो. पगार २१ हजार, वर टार्गेट. रोज सकाळी कुणाच्या तरी दारात उभं राहून त्याच्या बायकापोरांसमोर हप्ता मागायचा, हे आता माझ्यानं होत नाही. माझे मामेसासरे हैदराबाद लाईनला ट्रक चालवतात. त्यांच्यासोबत दोनदा जाऊन आलो. पहाटे उमरग्याच्या पुढं गाडी चालली होती, तेव्हा वाटलं, आपलं काम हेच. घरी बोललो तर आई रडायला लागली. तिनं विड्या वळून मला शिकवलं. म्हणते, ‘ड्रायव्हरच व्हायचं होतं तर कॉलेज कशाला केलंस?’ मुलगी तिसरीत आहे. कारचं लायसन्स सहा वर्षं जुनं आहे. वय जास्त झालंय का? घर भागेल का? आणि कर्ज काढून थेट स्वतःचीच गाडी घेतली तर?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र मी नाव्हा शेव्याजवळ केबिनमध्ये बसून वाचलं. टॉवेलच्या पेट्या घेऊन गेलो होतो आणि गोदामात गाडी लावायचा नंबर यायला सतरा तास लागले. या धंद्यात चालवण्याइतकंच थांबणं असतं, हे तुम्हाला मामेसासऱ्यांच्या दोन खेपांत दिसलं असेल-नसेल, म्हणून आधीच सांगतो.

वयाचं लगेच सांगून टाकतो. नाही झालं जास्त. मी आलो तेव्हा ३३ वर्षांचा होतो. उलट विशीतल्या पोराला जी घाई असते ती तुमच्यात नसेल, आणि मालक लोक ते बघतात. डोळे मात्र नीट तपासून घ्या, साखर आणि रक्तदाबही. चष्मा चालतो. रंग ओळखता आले पाहिजेत आणि रात्री समोरच्या गाडीचा उजेड अंगावर आला की नजर किती वेळात सावरते, ते स्वतःशी प्रामाणिकपणे बघा.

आता उमरग्याच्या त्या पहाटेबद्दल. ती पहाट खरीच सुंदर असते. मीही ती शेकडो वेळा पाहिली आहे. ज्वारीची रानं उजळायला लागतात, जळकोट मागं पडलेलं असतं, आणि गाडी एका लयीत गुणगुणत असते. पण तुम्ही ती बाजूच्या सीटवरून पाहिलीत. त्याआधीचे दोन ते चार हे दोन तास मामेसासऱ्यांनी कसे काढले, ते त्यांना विचारा. या कामाचं खरं उत्तर त्या दोन तासांत आहे.

माझं सांगतो. २०१३ सालची गोष्ट. भिवंडीहून सूत भरून निघालो होतो. मालकाचा फोन, ‘सकाळी सातला कारखान्याच्या दारात गाडी पाहिजे, नाहीतर मागं उभे आहेत चालवणारे.’ आदल्या रात्रीचंही जागरण होतं. भिगवणला डोळ्यांवर पाणी मारलं, इंदापूरला चहा घेतला. सरडेवाडीचा टोलनाका कधी ओलांडला ते मला आजही आठवत नाही. तिथं पैसे दिले असणार, पावती खिशात होती, पण आठवण नाही. डोळे उघडे होते आणि मी झोपलेलो होतो. भीमेच्या पुलाच्या अलीकडं उजवी चाकं दुभाजकाला घासली, पुढचा टायर फुटला आणि त्या आवाजानं मी जागा झालो. पहाटेचे पावणेचार वाजले होते. पुढं, मागं, बाजूला कुणी नव्हतं, म्हणून आज तुम्हाला उत्तर लिहितोय. टायर, रिम आणि आरशाचे पैसे मालकानं चार महिने पगारातून कापले. ते मी विसरलो. ज्या जागी दुभाजकाला चाक लागलं, त्या जागी एखादी मोटारसायकल असती तर, हे विसरलेलो नाही.

त्या खेपेनंतर मी माझ्या उस्तादांकडं गेलो. बाळे गावातला म्हातारा माणूस, तीस वर्षं बेंगळुरू लाईनला काढलेली. त्यांनी एवढंच विचारलं, ‘ना बोलने को कितने पैसे थे तेरे पास?’ मी गप्प बसलो. खरंच नव्हते. घरात महिन्याचं किराणा भरायचं होतं, मुलाची फी होती. ‘ना’ म्हटलो असतो तर खेप गेली असती आणि तेही परवडणारं नव्हतं. ट्रक कसा चालवायचा हे सहा महिन्यांत येतं, भाऊ. नाही कसं म्हणायचं, ते मात्र तुमच्या बँक खात्यात काय आहे त्यावर ठरतं. झोप आली, गाडी लावतो. माल पासिंगपेक्षा, म्हणजे आरटीओनं ठरवून दिलेल्या वजनापेक्षा जास्त आहे, नेत नाही. कागद अपुरे आहेत, हलत नाही. ब्रेकला हवा धरत नाही, आधी दुरुस्त करा. ही चार वाक्यं मालकाला तोंडावर सांगता आली पाहिजेत, आणि त्या दिवशी काम गेलं तरी घरची चूल पेटली पाहिजे. तुमच्या सगळ्या प्रश्नांत मला हाच एक प्रश्न मोठा वाटतो.

म्हणून पैशाचं बोलू. माझ्या ओळखीतल्या दहा टायरवाल्या चालकांना आज पगार आणि भत्ता मिळून पंचवीस ते तीस हजार पडतात. ऐकायला तुमच्या २१ हजारांपेक्षा बरं वाटतं. पण भत्ता म्हणजे पगार नव्हे. दोन वेळचं जेवण, चहा, अंघोळ, कुठं वराईत, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीत कमी पडलं ते, सगळं त्यातूनच जातं. शिवाय तुम्ही पहिल्या दिवशी चालक होणार नाही. सहा-आठ महिने क्लीनर म्हणून उस्तादाच्या हाताखाली राहावं लागेल आणि तेव्हा हातात तुमच्या आत्ताच्या पगाराच्या निम्मंही येणार नाही. घरखर्चाचे आठ महिने बाजूला काढून ठेवा. ते झाल्याशिवाय राजीनामा देऊ नका. ती रक्कम जमवायला दीड वर्ष लागलं तर दीड वर्ष वसुली करा. त्या दीड वर्षात हेवी लायसन्स होऊन जाईल. तुमचं कारचं लायसन्स वर्षापेक्षा जुनं आहे, त्यामुळं शिकाऊ परवाना आजच काढता येतो.

क्लीनरकीला कमी लेखू नका. मी बी.कॉम. नव्हतो, पण कारखान्यात खुर्चीवर बसणारा होतो, आणि पहिल्या महिन्यात दोरी ओढून तळहात सोलून निघाले. तरी जे शिकलो ते तिथंच. टायरवर टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा मारून आवाजावरून हवा ओळखायची. कांदा भरला तर ताडपत्री घट्ट आवळायची नाही, बाजूनं वारा खेळला पाहिजे, नाहीतर हैदराबादला पोचेपर्यंत खालच्या थरातल्या गोण्यांना घाम सुटतो आणि आडतीवर भाव पडतो. टॉवेल, चादरीला याच्या बरोबर उलट. एक थेंब आत गेला तर गठ्ठा डागाळला. सिमेंट भिजलं की संपलं. खंडाळ्याचा घाट उतरताना न्यूट्रल कधीच करायचं नाही. डिझेल वाचवायला लोक करतात, मग सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेकचे लायनर तापतात, हवेचं प्रेशर उतरतं आणि तळाशी पोचेपर्यंत पाय दाबला तरी गाडी थांबत नाही. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा ब्रेक लावून. भरलेली दहा टायरची गाडी २८ टनांची असते. तिला थांबवायचा विचार आधी करायचा, ब्रेक नंतर.

तुमचं शिक्षण वाया जाणार नाही, हे आईला माझ्या नावानं सांगा. कारखान्यात मी बिलं करायचो म्हणून सांगतो, रस्त्यावर निम्मी भांडणं कागदांवरून होतात. राज्याबाहेर जाणारा ५० हजारांच्या वरचा माल असेल तर ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद लागतो आणि त्याची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते. सोलापूर ते बेंगळुरू साधारण ६२० किलोमीटर, म्हणजे चार दिवस मिळाले. वाटेत गाडी बिघडली, माल दुसऱ्या गाडीत टाकला आणि बिलावर नवा नंबर चढवला नाही, तर तपासणीत गाडी अडकते. मुदत संपायच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास एवढ्यात ती वाढवून घेता येते. हे ज्याला कळतं तो चालक मालकाला दोन पैसे जास्त देऊनही हवा असतो. ओव्हरलोडचंही तसंच. २० हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. ‘काही होत नाही, आपली ओळख आहे’ म्हणणारा भेटला की वजनकाट्याची पावती मागा. पावती नसेल तर किल्ली त्याच्या हातात द्या.

कर्ज काढून गाडी घ्यायचं आत्ता डोक्यातून काढा. कळकळीनं सांगतोय. ओढून आणलेल्या गाड्या कंपनीच्या यार्डात उभ्या असतात, त्या तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिल्या आहेत. त्यातल्या किती जणांना गाडी चालवता येत नव्हती? सगळ्यांना येत होती. हप्ता चालवता आला नाही. तीस लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी काढलं तर महिन्याला साठ हजारांच्या वर हप्ता. २० ते ४० टनांच्या मालगाडीचा थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दरानं ४३,९५० रुपये, जीएसटी वेगळा. नॅशनल परमिटचे वर्षाला १६,५००. गाडी भरून लिटरला चार किलोमीटर जाते. इथून नाव्हा शेवा ४०० किलोमीटर, म्हणजे एका बाजूचं १०० लिटर डिझेल. आणि येताना भाडं मिळालं नाही तर रिकामी गाडीही डिझेल पितेच. मी सात वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर काढली आणि २०१८ साली जुनी गाडी घेतली, तीही मेहुण्याबरोबर निम्म्या भागीत. त्या सात वर्षांत कुठल्या महिन्यात कुठं माल असतो ते कळलं. नोव्हेंबर ते जानेवारी मार्केट यार्डात कांद्याच्या गाड्यांची रांग असते, गळीत सुरू झालं की साखर आणि बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, पावसाळ्यात मात्र कधी कधी आठ-आठ दिवस गाडी उभी. हे न कळता घेतलेली गाडी मालकाची नसते, फायनान्सची असते. तुम्हाला हे वाक्य वेगळं समजावून सांगायला नको.

तब्येतीचं थोडक्यात. आपल्याकडं मे महिन्यात बाहेर ४३ असेल तर इंजिनाच्या उष्णतेनं केबिन त्याहून तापते. थांबायला लागू नये म्हणून चालक पाणी पीत नाहीत आणि मग मुतखडा होतो. पाणी प्या, थांबा. नव्या मध्यम आणि जड गाड्यांना आता एसी केबिन सक्तीची झाली आहे, पण तुम्हाला पहिली गाडी जुनीच मिळणार. ढाब्यावरचं तेलकट रोज खाऊ नका. बायकोकडून कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घ्या, आठवडाभर काही होत नाही. झोप आली की वीस मिनिटं झोपा. चहा, गुटखा, मोठ्यानं गाणी, खिडकी उघडी ठेवणं, मी सगळं करून पाहिलंय. झोपेवर झोपेशिवाय काही चालत नाही.

राहिली आई. माझे वडील गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. गिरणी बंद झाल्यावर त्यांनी यंत्रमागावर रोजंदारी केली, पण मला मागाजवळ येऊ दिलं नाही, ‘तू पेन धर’ म्हणाले. मी पेन ठेवून स्टीअरिंग धरलं तेव्हा दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. मी समजावायला गेलो नाही, कारण समजावण्यासारखं माझ्याकडं तेव्हा काही नव्हतंच. एका रविवारी गाडी घराजवळच्या मैदानावर लावली होती. ते आले, गाडीभोवती फिरले आणि मागच्या बाजूला ताडपत्रीच्या दोरीची गाठ बघून थांबले. ती सोडली, स्वतः पुन्हा मारली. म्हणाले, ‘अशी मार. सुटत नाही.’ आयुष्य सुतात गेलेला माणूस, त्याला गाठ कळते. तीच गाठ मी अजून मारतो. रोज कुणाच्या तरी दारात उभं राहून हप्ता मागणं आता तुमच्यानं होत नाही, हे तुमच्या आईला माहीत आहे का? पत्रावरून वाटतं, तुम्ही तिला ट्रकचं सांगितलं, हे सांगितलं नाही. आधी हे सांगा.

आणि एक करा. नोकरीतून दहा दिवसांची रजा काढा आणि मामेसासऱ्यांसोबत क्लीनर म्हणून तिसरी खेप करा, पाहुणा म्हणून नको. दोरी तुम्ही ओढा, काच तुम्ही पुसा, रात्री दोन ते चार त्यांच्याशी बोलत जागे राहा, माल उतरेपर्यंत उन्हात थांबा. परत आल्यावर दोन दिवस घरी काढा आणि मग मला पुन्हा पत्र लिहा.

प्रश्न : माझं वय १९. बारावी झालो. एजंट म्हणतो, पैसे दिले तर थेट हेवी लायसन्स काढून देतो. काढू का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : नाही. मालवाहू गाडीला वय २० पूर्ण लागतं आणि त्याआधी हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष हातात असावं लागतं. त्यानंतर हेवीचा शिकाऊ परवाना, निदान ३० दिवस सराव, ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र, डॉक्टरांचा दाखला आणि चाचणी. झालेलं लायसन्स पाच वर्षं चालतं. एजंटाच्या कागदावर अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल आणि नुकसानभरपाई तुमच्या किंवा गाडीमालकाच्या घरातून जाईल. आत्ता कारचं लायसन्स काढा. सुप्रीम कोर्टानं ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलंय की एकूण ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते. म्हणजे वीस पूर्ण झाल्यावर पिकअप, छोटा टेम्पो यांवर हात बसवा. पाकणीच्या डेपोवरचे तेलाचे टँकर मनात असतील तर त्यांना वेगळं प्रशिक्षण आणि लायसन्सवर वेगळी नोंद लागते. ती घाई करू नका.

प्रश्न : माझे मिस्टर दोन वर्षांपासून ट्रकवर आहेत, आधी दुकानात होते. रात्री फोन उचलत नाहीत. मला नको नको ते विचार येतात, मग सकाळी भांडण होतं. अपघात झाला तर लोक ड्रायव्हरला मारतात असंही ऐकते. काय करू?
— एक भगिनी, मोहोळ

उत्तर : ताई, चालवताना ते फोन उचलत नाहीत ही चांगली गोष्ट आहे. उचलू लागले तर काळजी करा. माझ्या बायकोनं पहिल्याच वर्षी एक वही केली. खेपेला निघताना गाडीचा नंबर, माल कुठला, कुठं उतरायचा, मालकाचा फोन, आणि मी कुठं कुठं थांबणार ते ती लिहून घेते. मी जेवायला थांबलो की मीच फोन करतो, आणि झोपायला गाडी लावली की एक मिस्ड कॉल देतो. मिस्ड कॉल आला की तीही झोपते. मधे ती फोन करत नाही. पहिले काही दिवस मी विसरायचो. ती भांडायची नाही, वहीत त्या तारखेपुढं फुली मारायची, आणि घरी आल्यावर वही माझ्यापुढं ठेवायची.

अपघाताचं त्यांच्याशी शांतपणे बोलून ठेवा. जखमीला दवाखान्यात पोचवायची व्यवस्था करणं हे चालकाचं कर्तव्य आहे. पण जमाव अंगावर येत असेल तर तिथं थांबून मार खाल्ला पाहिजे असं कायदा म्हणत नाही. अशा वेळी सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन हजर व्हायचं आणि घडलं ते सांगायचं. काहीही झालं तरी २४ तासांच्या आत. जाता जाता ११२ आणि १०८ ला फोन लावायचा. गायब मात्र व्हायचं नाही. गाडीच्या कागदांच्या आणि लायसन्सच्या प्रती घरी ठेवा, विम्याच्या कागदावरचा फोन नंबर त्याच वहीत पहिल्या पानावर लिहा. आणि ते पुढच्या वेळी घरी येतील तेव्हा पहिले आठ तास त्यांना कुणी उठवणार नाही, एवढं सासूबाईंना आणि मुलांना सांगून ठेवा.